हिवरदरीचे चौऱ्याऐंशी गुण

आर्थिक आरोग्य हे माणसाच्या अंगातल्या रक्तासारखं असतं. ते नीट वाहिलं नाही, तर बाकी सगळं असून नसल्यासारखं होतं.

हे वाक्य पुण्यातल्या एका सातव्या मजल्यावरच्या बैठकीत, आधीचे चार मसुदे फेटाळल्यानंतर एकमतानं मंजूर झालं. मग ते बारा बाय आठच्या फ्लेक्सवर छापून वाशीम जिल्ह्यातल्या हिवरदरीत आलं आणि समाजमंदिराच्या भिंतीवर तीन दिवस राहिलं. चौथ्या दिवशी पाऊस सुरू झाला, तेव्हा वाडीतल्या जगदेव आबांनी ते उतरवून आपल्या गुरांच्या कुटाराच्या ढिगावर टाकलं. फ्लेक्स चांगला जाड होता. एक थेंब आत गेला नाही.

हिवरदरी अनसिंगहून अकरा किलोमीटर, त्यातले शेवटचे तीन पायी. आंध आदिवासींची त्रेचाळीस घरं. थोडी कोरडवाहू शेती, बाकी मजुरी, आणि दसऱ्यापासून पुढं दीड महिना वरच्या जंगलातली सीताफळं. ती न्यायला शेलूबाजारच्या व्यापाऱ्याची गाडी डोंगराच्या पायथ्यापर्यंत येते. त्याच्या वर आजवर फक्त मतं मागणारे आणि जनगणना करणारे आले होते. आता आर्थिक आरोग्य आलं.

उपक्रमासाठी पैसा रंग तयार करणाऱ्या एका कंपनीचा, कल्पना पुण्याच्या एका संस्थेची आणि पाय प्रसेनजितचे. प्रसेनजित अनसिंगचाच. वडील जिल्हा परिषदेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले, हा घराण्यातला पहिला एमएसडब्ल्यू. करार अकरा महिन्यांचा, पगार बारा हजार. उपक्रम यशस्वी झाला तर करार वाढेल, असं त्याला तोंडी सांगितलं होतं. लेखी फक्त अकरा महिने होतं.

पहिलं काम पाहणीचं. चोवीस प्रश्न, शंभर गुण. जितके गुण जास्त, तितकं घर आर्थिकदृष्ट्या निरोगी.

"पैशाच्या काळजीनं तुमची झोप उडते का?" त्यानं रूपलाला विचारलं. रूपला तिशीतला, वाडीत सगळ्यात बोलका.

"झोप तं उडते ना. ह्या हप्त्यात तीन राती झोपलो नाई."

"पैशाच्या काळजीनं?"

"रानडुकरायनं. तूर उकरून राह्यले."

"मी पैशाचं विचारतो, दादा."

"पैसे कायले खातीन डुकरं?"

फॉर्मवर 'हो' आणि 'नाही' असे दोनच चौकोन होते. प्रसेनजितनं 'नाही'वर खूण केली. पाच गुण.

"म्हातारपणाचं नियोजन केलं आहे का?" हा प्रश्न जगदेव आबांना. आधार कार्डाप्रमाणे वय एक्क्याऐंशी. आबांच्या मते आधारवाल्यानं घाईत लिहिलं.

"केलं ना. नाल्याच्या वरतं, मोहाच्या झाडाखाली. जागा झाडून ठेवली."

सहा गुण.

अठरावा प्रश्न सगळ्यात जड, दहा गुणांचा. 'अचानक दहा हजार रुपयांची गरज पडली, तर चार दिवसांत उभे करू शकाल का?' त्रेचाळीसच्या त्रेचाळीस घरांनी 'हो' सांगितलं. तुळसाबाईनं तर उलट विचारलं, "चार दिस कायले लागतीन?"

तुळसाबाई साठीची. नवरा मागच्या सप्टेंबरात गेलेला. घरात एक शेळी आणि आई-बाप नसलेली नात, वैजयंती. वैजयंती वाडीतली पहिली बारावी पास.

"मले तं चौदा हजार लागनार हायेत," तुळसाबाई म्हणाली. "पोरीले वाशीमले नर्सिंगले जागा भेटली. शिष्यवृत्ती मागून येते म्हनतात, पन होस्टेलचे अन् डिपॉझिटचे आधी भरा म्हनते कॉलेज. तीस सप्टेंबर आखरी तारीख."

"मग कुठून आणणार, मावशी?"

तिनं हनुवटीनंच घराच्या कोपऱ्याकडे दाखवलं. तिथं एक हिरवी पत्र्याची पेटी होती. "हे का."

ती पेटी तिची नव्हती. पेटी वाडीची होती. सीताफळाच्या हंगामात दर गुरुवारी तोडलेला माल पेटीचा. त्याचे पैसे कोणी घरी नेत नाही. आणि पेटी राहते ती, जिथं शेवटचं मरण झालं त्या घरात. वर्षभर, किंवा नवं मरण येईपर्यंत. दुःखाच्या घरात लग्न होत नाही, दारू पिऊन कोणी पाय ठेवत नाही, दिवसभर कोणी ना कोणी येऊन बसलेलं असतं. बँकेला यासाठी बंदूकवाला ठेवावा लागतो.

ज्याला पैसे लागतात, त्यानं पेटीजवळ उघड्या जमिनीवर बसायचं आणि मागायचं. एकदाच. नाही म्हणायचं नाही. कशाला पाहिजेत, हे विचारायचं नाही. विचारायचा प्रश्न एकच: "किती दिस येशीन?" म्हणजे पुढच्या हंगामात पेटीसाठी किती दिवस जादा तोडणी करशील. हजाराला एक दिवस, असा धारा. ज्याच्या घरी पेटी, त्याला मात्र मागता येत नाही. राखणारानंच हात घातला तर राखायला ठेवलं कशाला, असं ते आहे.

त्यामुळं तुळसाबाई थांबली होती. दहा सप्टेंबरला तिचं वर्ष भरणार होतं. वर्षात नवं मरण झालं नाही तर पेटी वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जाते, म्हणजे जगदेव आबांकडे.

"पुढचा नंबर माहाच हाये म्हनून," आबांनी प्रसेनजितला समजावलं.

"आबा, तुमी जरा लवकर मेले असते, तं माह्या पोरीचं काम कवाच झालं असतं," तुळसाबाई म्हणाली.

"तुह्या नातीसाठी मी सोयाबीन तसंच सोडून मरू का व?"

"काढनी झाल्यावर मरा. मी कुठं घाई करून राह्यली?"

सगळे हसले. प्रसेनजितही हसला. मंगळवारी पायथ्याशी येणारी नर्स कधी मंगळवारी येते, कधी येत नाही. वाडीतलीच पोरगी नर्स झाली तर तिला शोधायला तरी जावं लागणार नाही, असं हिशेबी बोलणंही झालं. त्यानं वाडीचे फोटो काढले. जगदेव आबांचा फार चांगला आला. उरलेले तिन्ही दात दिसत होते.

संध्याकाळी अनसिंगला घरी बसून त्यानं गुणांची सरासरी काढली. चौऱ्याऐंशी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच स्नेहा मॅडमचा फोन आला. स्नेहा मॅडम म्हणजे पुण्याच्या कार्यक्रमप्रमुख.

"प्रसेनजित, हे चौऱ्याऐंशी काय आहे?"

"पहिली पाहणी, मॅडम."

"शंभरपैकी?"

"हो, मॅडम."

"अरे, हाच फॉर्म आम्ही ऑफिसात भरून पाहिला होता. बावन्न आले. मला स्वतःला शेहेचाळीस."

प्रसेनजितनं फोन कानाशी धरून सरासरी पुन्हा काढली. चौऱ्याऐंशीच आली.

"आपण कंपनीला तीस गुणांची वाढ लिहून दिलीय," मॅडम म्हणाल्या. "चौऱ्याऐंशी अधिक तीस किती?"

"एकशे चौदा."

"शंभरपैकी एकशे चौदा. हे मी कंपनीपुढं कसं मांडू? काहीतरी चूक झालीय. शोध."

चूक सापडायला वेळ लागला नाही. ती पेटी होती.

"पेटी कोणाच्या नावावर आहे?" मॅडमनी विचारलं.

"सगळ्यांच्या."

"म्हणजे कोणाच्याच नाही. फॉर्म नीट वाच, 'स्वतःच्या नावे' असं लिहिलंय. आणि ते मोहाच्या झाडाचं काय लिहिलंयस? म्हातारपणाचं नियोजन म्हणजे पेन्शन. परत कर सगळं. आणि फोटोत लोक हसतायत. असे नकोत. सुरुवातीचे फोटो जरा गंभीर लागतात."

प्रसेनजित परत डोंगर चढला. या वेळी प्रश्न तेच होते, पण उत्तरं ऐकायची पद्धत सुधारली होती. 'झोप उडते का' यावर रूपलानं पुन्हा डुकरं सांगितली. झोप उडते हे तर खरंच होतं, म्हणून 'हो'. मोहाच्या झाडाला शून्य. अठराव्या प्रश्नाला त्रेचाळीस वेळा शून्य. आबांना हसू नका म्हटल्यावर त्यांना जास्तच हसू आलं, म्हणून त्यांचा फोटो पाठमोरा घेतला.

सरासरी एकतीस आली.

"परफेक्ट," मॅडम म्हणाल्या.

इलाजाला सुरुवात झाली. समाजमंदिरात पाच शनिवार वर्ग भरले. पहिला धडा, गरज आणि हौस यातला फरक. दुसरा, बचतीचं महत्त्व. तिसऱ्या धड्याचं नाव होतं 'आधी स्वतः, मग इतर.'

"इतर म्हंजे कोन?" एका बाईनं विचारलं.

"म्हणजे शेजारपाजारचे, नातेवाईक."

"अन् स्वतः म्हंजे?"

"स्वतः म्हणजे तुम्ही."

"मी एकटीच?"

प्रसेनजितनं पुस्तिका पाहिली. पुस्तिकेत तसंच होतं.

अनसिंगच्या बँकेत त्रेचाळीस खाती निघाली. पासबुकं आली, त्यावर फोटो आले, आणि आत शून्य. रिकाम्या खात्याला गुण नव्हते. पुण्याहून निरोप आला: पेटीतली रक्कम ऑगस्टअखेर खात्यांत जमा झाली पाहिजे, नाहीतर करार वाढवण्याबद्दल बोलायलाच नको. प्रसेनजितनं दोन बैठका घेऊन समजावून पाहिलं. पेटीला वाळवी लागू शकते, आग लागू शकते, चोर येऊ शकतो, असं तो म्हणाला.

"पत्र्याले वाळवी?" आबा म्हणाले.

"समजा चोर आला, तर?"

"तं पेटीजवळ बसून मागीन ना तो. चोरन कायले?"

लोक उठून जायला लागले. जाताजाता रूपलानं थट्टेत म्हटलं, "सायब, एवढी पेटी पाहिजेच हाये, तं मागून घ्या ना. तीन महिने झाले, आमच्या घरी जेवून राह्यले तुमी. जेवल्या मानसाले मागता येते."

थट्टा होती. पण प्रसेनजितच्या डोक्यात ती रविवारभर राहिली. त्याचं वाडीवर प्रेम नव्हतं असं नाही. पैसे लोकांचे लोकांनाच मिळणार होते, नुसते इकडून तिकडे. यात कोणाचं नुकसान आहे हे त्याला खरोखरच दिसत नव्हतं. शिवाय करार.

बावीस ऑगस्टच्या दुपारी तो तुळसाबाईच्या घरी गेला आणि पेटीजवळ उघड्या जमिनीवर बसला. आधी कोणाला वाटलं, उन्हातून आला, टेकला असेल. मग तो म्हणाला, "मले पेटी पाहिजे. पूर्ण."

बातमी पसरायला त्रेचाळीस घरं फार नव्हती. अंगण भरलं. रीतीनं बोलण्यासारखं काही ठेवलेलंच नव्हतं. नाही म्हणायचं नाही. कशाला, विचारायचं नाही. रूपला मातीकडे पाहत उभा होता. वैजयंती पाण्याची गुंडी डोक्यावर घेऊन दारात आली, आजीकडे पाहिलं, आणि गुंडी खाली न ठेवता तशीच उभी राहिली.

तो प्रश्न राखणारणीनं विचारायचा असतो.

"किती दिस येशीन?" तुळसाबाई म्हणाली.

प्रसेनजितनं आबांकडे पाहिलं. आबांनी सांगितलं, "एक लाख एकोनतीस हजार हायेत. म्हंजे एकशे एकोनतीस दिस."

"येईन," प्रसेनजित म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "मावशी, पैसे तुमचेच राह्यतीन. ज्याच्या त्याच्या खात्यात तीन-तीन हजार. वैजयंतीची फी आली की केव्हाबी काढा. मी हावो ना."

"कायले पाहिजे ते आमी इचारलं नाई," आबा म्हणाले.

तुळसाबाईनं गळ्यातल्या दोऱ्यातून किल्ली काढली. गाठ पक्की होती, सुटेना. शेवटी दातानं तोडावी लागली.

दोन दिवसांत प्रत्येक खात्यात तीन हजार जमा झाले. खात्याचे आणि वर्गांचे गुण धरून सरासरी अडुसष्टवर गेली. स्नेहा मॅडमनी अंगठ्याचं चित्र पाठवलं, आणि त्याखाली एक मेल. नुसत्या शिलकीला सहाच गुण आहेत. 'दीर्घकालीन बचत' असेल तर आणखी दहा. तेव्हा ही रक्कम उपक्रमाच्या खास ठेवीत वर्षभरासाठी टाकावी. मुदतीआधी मोडायची तर संस्थेचं पत्र लागेल. लोकांना शिस्त लागावी म्हणून तशी अट ठेवली आहे.

ठेवीचे फॉर्म पाचव्या शनिवारी भरून घेतले. त्या दिवशी नाश्ता होता. समोसा आणि एक एक केळं. केळं खाऊन हात पुसायचे आणि शाईवर अंगठा टेकवायचा. 'वर्षभर' हा शब्द प्रसेनजितनं वाचून दाखवला होता. 'पत्र लागेल' हेही वाचलं होतं. पत्र आपणच आणू, असं त्याला वाटलं होतं.

दहा सप्टेंबरला तुळसाबाईचं वर्ष भरलं. रीतीप्रमाणे पेटी वाजतगाजत नव्हे, पण चार माणसांनी धरून जगदेव आबांच्या घरी नेली. एकानंही नेली असती. आत काही नव्हतं. आता तुळसाबाईला मागायला मोकळीक होती. पण रिकाम्या पेटीजवळ बसून मागायचं की नाही, याबद्दल कोणालाच काही माहीत नव्हतं. तशी वेळ आली नव्हती कधी.

"अव, पैसे गेले कुठं?" रूपला म्हणाला. "वाडीतच हायेत. आधी एका पेटीत होते, आता त्रेचाळीस खात्यात हायेत. पाच घरायनं काढले तं पंधरा होतात. हजार वरते उरतीन."

पाच घरं लगेच तयार झाली. कोणी 'आधी स्वतः' म्हटलं नाही. तिसरा धडा कच्चाच राहिला होता. रूपला, तुळसाबाई आणि आणखी तिघं जीपनं अनसिंगला गेले. बँकेतल्या साहेबानं पासबुकं पाहिली, संगणकात पाहिलं.

"ही ठेव आहे. खास योजनेतली. मोडायची तर संस्थेचं पत्र आणा."

"आमचेच हायेत ना पैसे?" रूपलानं विचारलं.

"तुमचेच आहेत."

"आमच्याच नावावर?"

"तुमच्याच नावावर. म्हणून तर तुमचे अंगठे घेतलेत."

साहेब उद्धट नव्हता. त्यानं प्यायला पाणी दिलं आणि ठेवीवर सात टक्के व्याज मिळतं, हेही सांगितलं.

प्रसेनजितनं त्याच दिवशी पुण्याला मेल केला. पाच ठेवी मोडायची परवानगी हवी आहे, कारण एका मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची मुदत आहे. उत्तर चार दिवसांनी आलं. स्नेहा मॅडमनी लिहिलं होतं की मुलीबद्दल वाचून फार बरं वाटलं, हीच तर आपल्या उपक्रमाची यशोगाथा आहे, तिचा फोटो पाठव. मात्र अंतिम पाहणी पाच ऑक्टोबरला असल्यामुळे तोपर्यंत एकही ठेव मोडू नये. पाच तारखेनंतर पत्राचं बघू.

पुढच्या गुरुवारी तुळसाबाई वाशीमला आली. संस्थेचं जिल्हा कार्यालय म्हणजे मोबाइलच्या दुकानावरची एक खोली. एक टेबल, त्यामागं प्रसेनजित, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट. कपाटात फायली होत्या, आणि फायलींत त्रेचाळीस घरांच्या ठेवपावत्या. सुरक्षित राहाव्यात म्हणून त्या इथंच ठेवल्या होत्या.

तिनं चपला दाराबाहेर काढल्या. आत आली, कपाट पाहिलं, विचारलं, "याच्यातच हायेत?"

"हो, मावशी. बसा ना. मी पुन्हा मेल—"

ती बसली. कपाटाजवळ, खाली, उघड्या फरशीवर.

"मले चौदा हजार पाहिजेत," ती म्हणाली.

प्रसेनजित उभा राहिला. त्याला पुढचं वाक्य माहीत होतं. वाडीतल्या कोणाही पोराला माहीत असतं ते. चार शब्दसुद्धा नाहीत, तीनच. खालच्या दुकानातून कोणाच्या तरी मोबाइलवर घंट्यांचे वेगवेगळे आवाज वाजवून पाहिले जात होते.

"मावशी," तो म्हणाला, "वर बसा ना. खुर्चीवर बसा."

तुळसाबाईनं कपाटाकडे एकदा पाहिलं. मग हात टेकून उठली. मागायचं एकदाच असतं.

"माझ्याकडं दोन हजार आहेत," प्रसेनजित तिच्यामागं जिन्यापर्यंत गेला. "माह्ये सोताचे. हे तं घ्या."

"मी पेटीले मागलं, बाबू," ती चपला घालत म्हणाली. "तुले कायले मागीन? तुह्याजवळ काय हाये?"

शेळी साडेपाच हजाराला गेली. घाईत विकलेल्या शेळीला तेवढेच मिळतात. घराघरातून शंभर, दोनशे, एका घरातून पाचशे आले. सप्टेंबरचा महिना, सोयाबीन उभं, सीताफळं कच्ची, कोणाच्या हातात रोख नसते, आणि म्हणूनच ती पेटी होती. एकूण नऊ हजार तीनशे झाले. तीस तारखेला आजी-नात ते घेऊन कॉलेजात गेल्या.

"हप्ते नाहीत, आजी," खिडकीतला कारकून म्हणाला.

"बाकीचे सहा तारखेले आनतो," वैजयंती म्हणाली. "पक्के. बँकेत हायेत."

"सगळ्यांचे बँकेतच असतात. सहा तारखेला यादी बंद असेल."

"एक हप्ता फक्त, सर."

"मी सर नाही, बाई. मी क्लार्क आहे."

पाच ऑक्टोबरला अंतिम पाहणी झाली. पुण्याहून स्वतः स्नेहा मॅडम आल्या. शेवटचे तीन किलोमीटर चालल्या, आणि एकदाही कुरकुर केली नाही, हे सांगायला हवं. फॉर्म थोडा बदलला होता. दहा हजारांचा अठरावा प्रश्न लोकांना नीट समजत नाही, असं आढळल्यामुळे त्याच्या जागी 'तुमच्या स्वतःच्या नावे बचत आहे का?' असा सोपा प्रश्न होता. आणि झोपेच्या प्रश्नाऐवजी 'तुम्ही पैशाचा विचार करता का?' असा. विचार करणं हे जागरूकतेचं लक्षण, म्हणून त्याला पाच गुण.

"पैशाचा विचार करता का, आजी?" मॅडमनी तुळसाबाईला प्रेमानं विचारलं.

"आता करतो," तुळसाबाई म्हणाली.

पाच गुण.

वाडीची सरासरी एकोणऐंशी आली. तीस गुणांची वाढ कबूल केली होती, झाली अठ्ठेचाळीसची. पुण्यात एका हॉटेलात कंपनीनं कार्यक्रम घेतला आणि संस्थेला स्मृतिचिन्ह दिलं. पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी दाखवले. उपक्रमाआधी: पाठमोरा म्हातारा. उपक्रमानंतर: तोच म्हातारा, तीन दात दाखवून हसणारा. दुसरा फोटो खरं तर आधी काढलेला होता. अंतिम पाहणीच्या दिवशी काढलेल्या फोटोंत कोणी हसत नव्हतं.

संस्थेचं पत्रही आलं, ठेवी मोडायला हरकत नसल्याचं. तारीख अकरा ऑक्टोबर. वाडीत कोणी ते वापरलं नाही. रूपला म्हणाला, आता राहू द्या, सात टक्के भेटून राह्यले.

उद्दिष्ट वेळेआधी पूर्ण झाल्यामुळे प्रसेनजितचा करार वाढवायचं कारण उरलं नाही. महिनाअखेर त्याला मोकळं केलं. नोव्हेंबरात एका गुरुवारी तो हिवरदरीत गेला, पायथ्याशी गाडी लावून, आणि वर जंगलात जाऊन टोपलं मागितलं. कोणी विचारलं नाही कशाला आलास. एकशे एकोणतीसमधला पहिला दिवस होता. त्याला कच्चं-पिकं कळत नव्हतं. तोडलेल्यातलं निम्मं वैजयंतीनं बाजूला टाकलं.

"याचे डोये उघडले का पाह्य आधी," ती म्हणाली. "दोन फोडींमधली रेघ पांढरी झाली पाह्यजे. हे आंधळं हाये. हे नाई पिकत मंग."

त्यानं पुढं चार-पाच नीट तोडली. मग म्हणाला, "पुढच्या साली भरशीन ना फॉर्म?"

"आजीले इचारा. शेळी घ्याची म्हनते आधी."

त्यानं पुढचं फळ वळवून त्याची रेघ पाहिली. आदल्या आठवड्यात तो कॉलेजात जाऊन आला होता, काही होतं का पाहायला. प्रवेश बंद झाले होते. कोणाला प्रवेश मिळाला, ती यादी सूचनाफलकावर लावलेली होती. त्यानं मोबाइलवर त्या यादीचा फोटो काढून आणला होता, दाखवावा म्हणून, पण दाखवला नाही.

यादीच्या खाली, प्राचार्यांच्या सहीच्या वर, एक ओळ होती. अनुसूचित जमातीसाठी राखीव जागा तीन, भरलेल्या दोन, रिक्त एक.